बाटलीवरचा तिशीचा आकडा

होमिओपॅथीवरच्या वादात लोक गुण आल्याचे किस्से सांगतात. मी रसायनशास्त्राचा निवृत्त मास्तर, मला आधी हिशेब दिसतो. ‘नेट्रम म्यूर’ हे होमिओपॅथीचं औषध म्हणजे आपलं साधं मीठ. ५८.५ ग्रॅम मिठात ॲव्होगाड्रोच्या अंकाइतके, म्हणजे ६ वर २३ शून्यं इतके सोडियमचे आयन. ते लिटरभर पाण्यात विरघळवा. त्यातले १० मिलिलिटर घेऊन पुन्हा लिटर करा. ही झाली १सी. प्रत्येक पायरीला दोन शून्यं गळतात. अकराव्या पायरीला लिटरमागे उरतात साठ आयन, बाराव्याला सरासरी एकही धड नाही. आणि बाटलीवर असतं ३०सी! तिथे मूळचा एक आयन गाठायला पृथ्वीच्या अडीचशे अब्ज पटींहून जास्त वजनाचं पाणी लागेल. (शुद्ध केलेल्या पाण्यातही याहून जास्त मीठ असतं, ते वेगळंच.)

होमिओपॅथीचे जनक हानेमान यांना मी दोष देत नाही. ते १८४३ मध्ये वारले, रेणूंच्या संख्येचा पहिला अंदाज शास्त्रज्ञ लोश्मिटने १८६५ मध्ये बांधला. आजच्या उत्पादकांना ही सवलत नाही. औषध घ्यायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण ‘यात मूळ द्रव्याचा एकही कण असण्याची शक्यता जवळजवळ शून्य आहे’ हे वाक्य सरकारने प्रत्येक ३०सी बाटलीवर ठळक मराठीत छापायला लावावं.