अनुप्रास कानाचा की कागदाचा?

लातूरच्या एका कविसंमेलनात आमच्या कवितेतला ‘जोरजबरदस्ती’ हा शब्द अध्यक्षांना खटकला. अनुप्रास छान साधलाय, म्हणाले, पण शब्द शुद्ध मराठी असता तर बरं झालं असतं. टाळ्या पडल्या. आम्हीही, सांगायला लाज वाटते, मान डोलावली. तेव्हा जे बोललो नाही ते इथं बोलतो.

एकाच अक्षराची पुनरावृत्ती होऊन नाद निर्माण झाला की अनुप्रास, असं शाळेत आम्हा सगळ्यांना शिकवलं गेलं. अक्षर डोळ्याला दिसतं, नाद कानाला ऐकू येतो. ‘चंद्र’ आणि ‘चांदणं’ कागदावर सख्खे भाऊ. बोलून पाहा, पहिल्यातला च टाळूला लागतो, दुसऱ्यातला दातांशी घासतो. उलट ‘चाक, चूल, चटणी’ म्हणा आणि ऐका. आमच्या घरच्या दखनीत तर क़ चा ख़ होतो. ‘क़बर’ आणि ‘ख़बर’ आमच्या तोंडी सारख्याच. लिहिलं तर अनुप्रास नाही, नानीनं म्हटलं तर आहे. मग कवितेचा न्याय कुणी करायचा, नानीच्या जिभेनं की पाठ्यपुस्तकाच्या पानानं? (त्याच पुस्तकांतल्या लाटानुप्रासाचा लातूरशी काही संबंध नाही. तो लाट देशाचा, म्हणजे दक्षिण गुजरातचा. आमचं गाव लट्टलूर. वर्गात ही शंका हमखास निघते.)

आणि शुद्ध म्हणजे काय हो? ‘रीतिरिवाज’ घ्या. रीति संस्कृत, रिवाज अरबी. ‘मानमरातब’मधला मान इकडचा, मरातब अरबी. ‘मेवामिठाई’तला मेवा फारसी. ही जोडपी कोण्या पंडितानं जुळवली नाहीत. बाजारात, कचेरीत, लग्नाच्या मांडवात दोन भाषा शेजारी बसल्या, र ला र मिळाला, म ला म मिळाला. अनुप्रासानं लावलेले हे निकाह आहेत. रिवाज काढून प्रथा घाला. अर्थ राहील, नाद गेला. १९२५ साली फार्शी-मराठी कोश देणारे, मराठीत गज्जल आणणारे माधव जूलियनच पुढे १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहितात, याचं आम्हाला अजून नवल वाटतं. देगलूर-बिलोलीकडं तेलुगू, उदगीरकडं कन्नड, १९४८ पर्यंत निजामाच्या कचेरीत उर्दू. या मुलखात शुद्ध जीभ कुणाची निघणार?

पण आमच्याही पदरात दोष आहे. नांदेडच्या चौकाचौकांत ‘कार्यसम्राट, कर्तव्यदक्ष, कर्तृत्ववान’ असे फलक लागतात. क तीनदा, काम कुठंच नाही. त्याला आम्ही हसतो, आणि मुशायऱ्यात ‘जखम, जुल्म, जमाना’ ओळीनं मांडून वाहवा घेतो. तिथं जखम कुणाची, हे विचारायची सोय नसते. आमच्या तरुण कवींनी रागावू नये, पण नाद अर्थाच्या आधी पोचला की कविता फलक होते. शिकलगारी करणाऱ्या सगनभाऊंच्या लावण्या ढोलकीवर टिकल्या, त्या नुसत्या अक्षरं जुळवून नव्हे. त्यांना शुद्धतेचा दाखला मात्र कुणी मागितला नाही.

पुढच्या खेपेला लातूरला बोलावलं तर तीच कविता वाचणार आहोत. ‘जोरजबरदस्ती’ दोनदा म्हणू.