नेटिव्ह स्पीकर पाहिजे

गेल्या विकांताला ताईचा फोन आला. "अरे, तू चीनला होतास ना? हिला जायचंय. जरा बोल हिच्याशी." हिला म्हणजे माझ्या भाचीला. वय वर्षे २६, इंग्रजी घेऊन एम.ए., वर बी.एड., नाशिकच्या एका इंग्रजी शाळेत तीन वर्षं नोकरी, पगार १८ हजार. त्यातले बारा महिन्यांपैकी दहाच महिन्यांचे मिळतात, ते वेगळंच. आता एका एजंटाने तिला चीनमधल्या एका किंडरगार्टनमध्ये इंग्रजी शिकवायचं काम आणलंय. महिना १२ हजार युआन, म्हणजे आजच्या भावाने दीड लाखाच्या आसपास. राहायला जागा फुकट. एजंटाची फी १ लाख ८० हजार.

"व्हिसा कुठला?" मी विचारलं.

"एम. बिझनेसचा. तिकडे गेल्यावर कन्व्हर्ट करून देतात म्हणे."

इथे माझ्या डोक्यात लाल दिवा लागला. पण लगेच 'जाऊ नकोस' म्हणायला माझी जीभ रेटेना. का, ते आधी सांगतो.

२००८ साली मी आठ महिने शांघायला होतो. पुडोंगमधल्या झांगजियांगच्या सॉफ्टवेअर पार्कात ऑफिस, जवळच भाड्याची खोली. घरमालकीणबाईंचा अकरा वर्षांचा मुलगा दर रविवारी सकाळी माझ्याकडे यायचा. फुकटातली शिकवणी. बदल्यात बाई मला वाफवलेले बाओझ आणून द्यायच्या (आत काय आहे हे विचारायची सोय नव्हती, मी वास घेऊन ठरवायचो).

पोरगा हुशार होता. व्याकरणाची परीक्षा घ्या, शंभरपैकी पंच्याण्णव. तोंड उघडा म्हटलं की गप्प. चिनी लोकांनी या रोगाला नावच ठेवलंय, 'याबा यिंगयू', मुकी इंग्रजी. कारण उघड आहे. तिकडची बारावी म्हणजे गाओकाओ. बहुतेक प्रांतांत ७५० पैकी १५० मार्क इंग्रजीला, आणि त्यात बोलण्याला भाव जवळपास शून्य. २००१ पासून शाळांमध्ये तिसरीपासून इंग्रजी आणलं, पण साठ पोरांच्या वर्गात बोलणार कोण आणि ऐकणार कोण? आपल्याकडे तरी काय वेगळं आहे म्हणा.

शिकवताना गंमत अशी झाली की त्याच्या चुका मला आतून कळायच्या. चिनी भाषेत 'अ', 'ॲन', 'द' नाहीत. मराठीतही नाहीत. मी स्वतः सातवीपर्यंत 'द' कुठेही मिठासारखा टाकत होतो. तो दिवा लावायला 'ओपन द लाइट' म्हणायचा, कारण चिनीत दिवा 'उघडतात'. 'ही' आणि 'शी'चा तर पार गोंधळ. बोलण्यात दोन्हीला 'ता'च, त्यामुळे त्याची आई कधी 'ही' व्हायची आणि वडील 'शी'. काळ दाखवायला क्रियापद बदलायचं असतं हेच त्याला पटत नव्हतं. "काल असं सांगितलं ना, मग पुन्हा 'वेन्ट' कशाला?" मला प्रश्न फार आवडला होता. दुसऱ्याची भाषा घाम गाळून शिकलेल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर देता येतं. जन्मतःच जी येते, तिचं उत्तर देणं त्याहून अवघड असतं असं माझं मत आहे.

सहा महिन्यांत पोरगा बोलायला लागला. बाई खूश. त्यांच्या ओळखीचा एक क्लास होता, शनिवार-रविवारचा. तिथल्या मॅनेजरला त्यांनी माझं नाव सुचवलं. फोनवर दहा मिनिटं बोलणं झालं, तो म्हणाला उत्तम, फोटो पाठवा. पाठवला. दोन दिवसांनी घरमालकीणबाई खाली मान घालून सांगायला आल्या. पालकांना 'परदेशी' शिक्षक हवाय म्हणे.

आता मी परदेशी नव्हतो तर कोण होतो? पण परदेशी म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही कळलं होतं. महिन्याभराने तिथे एक उंच, सोनेरी केसांचा पूर्व युरोपातला मुलगा लागला. लिफ्टमध्ये भेटायचा. त्याचं इंग्रजी 'आय am हॅव क्लास टुडे' या जातीचं होतं.

मला राग आला, आणि त्याहून लाजही वाटली. कारण त्याआधी दोनच वर्षं पुण्यात आमच्याच कंपनीत मी सपोर्ट टीमसाठी मुलाखती घेत होतो. एका लातूरच्या मुलाला मी 'ॲक्सेंट हेवी' असा शेरा मारून बाहेर काढलं होतं. त्याचं तांत्रिक ज्ञान माझ्यापेक्षा बरं होतं. असो.

तर नियम काय म्हणतो ते बघू. परदेशी माणसांच्या वर्क परमिटची नवी पद्धत चीनने २०१७ मध्ये देशभर लागू केली. त्यात भाषाशिक्षकाबद्दल म्हटलंय की त्याने तत्त्वतः आपल्या मातृभाषेच्या देशाची मातृभाषाच शिकवावी. हवी पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव. शिक्षणशास्त्राची पदवी किंवा भाषा शिकवण्याचं मान्य प्रमाणपत्र असेल तर अनुभवही माफ. भाचीकडे सगळं आहे. नाही तो फक्त पासपोर्ट. इंग्रजीसाठी प्रत्यक्षात जे देश सर्रास चालतात ते म्हणजे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. यातल्या दक्षिण आफ्रिकेत इंग्रजी ही घरची भाषा असलेले लोक दहात एकही भरत नाहीत! म्हणजे प्रश्न भाषेचा नसून पासपोर्टच्या पुठ्ठ्याचा आहे. आणि याच नियमाने भाची तिकडे हिंदी शिकवू शकेल, जी तिला टीव्हीवरच्या मालिकांपुरती येते.

हा नियम मला मूर्खपणाचा वाटतो. पण नियम मूर्ख आहे म्हणून तो मागच्या दाराने ओलांडावा का? इथे मी ताईशी वाद घातला. ताईचं म्हणणं, "सगळेच जातात." जातात ना. पण पकडले गेले तर काय होतं ते एजंट सांगत नाही. चीनच्या २०१३ पासून लागू असलेल्या कायद्यात बेकायदा काम करणाऱ्या परदेशी माणसाला ५ ते २० हजार युआन दंड आहे, प्रकरण गंभीर धरलं तर वर ५ ते १५ दिवस कोठडी. शिवाय देशाबाहेर काढू शकतात. एम व्हिसा व्यापारासाठी असतो, त्यावर वर्गात उभं राहणं म्हणजेच बेकायदा काम. सरळ मार्ग एकच: शाळेने आधी परमिटची मंजुरी काढायची, मग झेड व्हिसा, मग पोचल्यावर ३० दिवसांत रेसिडेन्स परमिटचा अर्ज. हे ज्या शाळेला जमत नाही ती शाळा पगार बुडवेल तेव्हा ही तक्रार कुणाकडे करणार? पोलिसांकडे गेली तर आधी हिलाच बसवतील.

घरबसल्या ऑनलाइन शिकवायचं, हाही एक रस्ता होता. व्हीआयपीकिड नावाची कंपनी अमेरिका-कॅनडातल्या शिक्षकांकडून चिनी पोरांना शिकवायची, फिफ्टीवन टॉक फिलिपिन्सच्या शिक्षकांकडून. दुसऱ्या कंपनीने दाखवून दिलं की आशियातला माणूसही इंग्रजी शिकवू शकतो, फक्त स्वस्तात. पण जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने खाजगी शिकवण्यांवर घाव घातला. शाळेच्या विषयांचे नफ्यातले क्लास बंद, शनिवार-रविवारचे क्लास बंद, आणि देशाबाहेर बसलेल्या परदेशी शिक्षकांकडून शिकवणंही बंद. न्यू ओरिएंटल ही तिथली अवाढव्य क्लास कंपनी. तिचे मास्तर पुढे लाइव्ह कॅमेऱ्यासमोर तांदूळ आणि मका विकायला लागले, आणि २०२२ मध्ये त्यातला एक जण विकता विकता इंग्रजी शिकवतो म्हणून देशभर गाजला. अशी वेळ आपल्याकडच्या कोटा-लातूरच्या क्लासवाल्यांवर आली तर काय विकतील, हा विचार करून मी बराच वेळ हसत होतो.

हे सगळं भाचीला सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मामा, तुला तेव्हा त्या क्लासवाल्याने हो म्हटलं असतं तर तू गेला असतास ना?"

गेलो असतो. माझाही व्हिसा त्या कामाचा नव्हता, आणि तेव्हा मी तो विचारही केला नव्हता. हे मी तिला कबूल केलं.

"आणि तुला तेव्हा पगार तरी होता. मी काय करू? इथे १८ हजारात राहू?"

याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. विषयशिक्षकांना मातृभाषेची अट नाही, इंटरनॅशनल शाळांत गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवायला भारतीय माणूस परमिटवर जाऊ शकतो, पण तिचा विषयच इंग्रजी. म्हणजे इंग्रजीत पारंगत झाली हीच तिची चूक! मी तिला इतकंच म्हटलं की एजंटाला लेखी विचार, झेड व्हिसा का नाही, आणि परमिट काढणाऱ्या शाळेचं नाव माग. पैसे तोवर देऊ नकोस.

तिने माझ्यासमोरच मेसेज टाकला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. बुधवारी ताईने हळूच सांगितलं की वीस हजार ॲडव्हान्स आधीच दिलाय, पावतीशिवाय.