वाढलेल्या जागा आणि आपला वाटा

भाटघरच्या धरणाजवळ आमची एक मावशी राहते. तिची लेक भोरला दिलेली, लेक नांदते सुखाने. मुलगा नोकरीसाठी पुण्याला, कात्रजला. परवा तिच्याकडे गेलो तेव्हा चहाचा कप हातात देऊन तिने विचारले, "आरं बाबा, लेकीच्या भोरात तीन जागा वाढल्या. लेकाच्या पुण्यातबी तीनच वाढल्या म्हणं. मंग त्यातली आपली किती?"

मावशी शाळेत गेलेली नाही. पण तिने विचारले ते मोठमोठ्या पुढाऱ्यांनाही सुचत नाही. म्हणून या आठवड्यात हाच प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आधी पुण्याचे पाहू. 2017 साली पुणे महापालिकेत 162 नगरसेवक होते. त्यांत अनुसूचित जातींच्या राखीव जागा 22 होत्या. जानेवारी 2026 च्या निवडणुकीत नगरसेवक 165 झाले आणि अनुसूचित जातींच्या जागा राहिल्या 22 च. म्हणजे सभागृह वाढले, पण आपला पाट तेवढाच राहिला. मधल्या काळात तर याहून मोठी वाढ व्हायची होती. 2021 च्या निर्णयाप्रमाणे पुण्याच्या 173 आणि मुंबईच्या 227 च्या 236 जागा होणार होत्या. ऑगस्ट 2022 मध्ये तो निर्णय फिरवला गेला. मार्च 2022 पासून पुढे जवळजवळ चार वर्षे पुण्यात प्रशासकाचे राज्य होते. जागा किती असाव्यात याचा वाद चालू होता आणि सभागृहात एकही नगरसेवक नव्हता!

आता भोर. लहान गावांच्या, म्हणजे 'क' वर्गाच्या नगरपालिकांत पूर्वी किमान 17 नगरसेवक असत. 2022 मध्ये कायदा बदलून ते किमान 20 झाले. त्याप्रमाणे डिसेंबर 2025 मध्ये भोरला 10 प्रभागांतून 20 जागांसाठी निवडणूक झाली. पुण्यासारख्या शहरात तीन जागा म्हणजे समुद्रात तीन घागरी. पण लहान गावात तीन जागांनी काय फरक पडतो, तो हिशेब आमच्या भगिनींनी पाटीवर मांडून पाहावा.

समजा, एका गावात शंभरात आठ माणसे अनुसूचित जातींची आहेत. 17 जागांत त्यांचा वाटा येतो 1.36. अर्ध्याहून कमी अपूर्णांक सोडून देतात. म्हणून मिळते एक जागा. तेच गाव 20 जागांचे झाले की वाटा होतो 1.6. अर्धा किंवा अधिक अपूर्णांक पूर्ण धरतात. म्हणून मिळतात दोन. लोक तेवढेच, वस्ती तीच, पण जागा दुप्पट! आणि यात आमच्या भगिनींचा खास फायदा आहे. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात. एकच जागा असेल तर ती महिलेला जायची की नाही, हे सोडतीच्या चिठ्ठीवर. दोन असल्या की त्यांतली एक आपल्या एखाद्या भगिनीची हक्काची होते. म्हणून सभागृहे वाढवा असे म्हणणाऱ्यांना आम्ही हसत नाही.

परंतु जागा वाढणे आणि आवाज वाढणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. 24 सप्टेंबर 1932 रोजी याच पुणे जिल्ह्यात, येरवड्याला, करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांत अस्पृश्यांना 148 जागा मिळाल्या. आधीच्या निवाड्यापेक्षा त्या सुमारे दुप्पट होत्या. पण त्या बदल्यात स्वतंत्र मतदारसंघ गेला. आपला माणूस कोण, हे शेवटी सर्वांच्या मतांनी ठरू लागले. जागा आपली असली तरी माणूस दुसऱ्याच्या मर्जीतला निवडून येऊ शकतो, हे बाबासाहेबांनी पुढे वारंवार सांगितले.

आजच्या प्रभागांत तेच दुखणे आहे. पुण्यात 41 प्रभाग. बहुतेकांत चार नगरसेवक, आणि मावशीच्या लेकाकडे आंबेगाव-कात्रजला तर पाच! 2011 च्या जनगणनेप्रमाणे धरले तरी एका प्रभागात सरासरी 80 हजारांहून अधिक लोक येतात. एवढ्या मतदारांपर्यंत पोहोचायला पैसा लागतो, गाड्या लागतात, पक्षाचे तिकीट लागते. वस्तीत वीस वर्षे काम केलेला कार्यकर्ता तेथे मागे पडतो आणि पॅनेलमधला चौथा उमेदवार म्हणून कोणीही निवडून येतो. उलट भोरसारख्या गावात प्रभाग दीड-दोन हजार लोकांचा. तेथे पायी फिरून, प्रत्येक उंबऱ्यावर बसून निवडणूक लढवता येते. तेव्हा नुसत्या जागा मागू नका. प्रभाग लहान करा, हीही मागणी करा.

आणि मागणीबरोबर घरचे काम आहे. प्रभागांचा आराखडा जाहीर होतो तेव्हा हरकती घेण्याची मुदत असते. आपली वस्ती दोन तुकड्यांत कापली आहे का, ते तेव्हाच पाहावे. आरक्षणाची सोडत जाहीरपणे निघते. तिला जाऊन बसावे. मतदार यादीत सुनेचे नाव माहेरीच राहिले असेल तर ते सासरी आणावे. राखीव जागेवर उभे राहण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांनी जात वैधता प्रमाणपत्र आजच काढायला टाकावे. ते मुदतीत सादर झाले नाही म्हणून निवडून आलेली जागाही जाते. मग रडून उपयोग नसतो.

निघताना मावशीने धरणाच्या भिंतीकडे हात केला. इंग्रजांच्या काळात येथे एक धरण होते, ते अपुरे पडले म्हणून त्याहून मोठे बांधले. पाणी वाढले. पण ते नीरेच्या कालव्यांनी खाली बारामती-फलटणच्या उसाला गेले. "पाणी आमच्या दारात, पर आमचं न्हाई," मावशी म्हणाली. "जागांचं तसं हुऊ देऊ नका म्हंजी झालं."

वाचकहो, कालव्याचे दार कोण उघडतो, तिकडे लक्ष ठेवा.