जिद्दीची गोष्ट आणि औषधाची गोष्ट

२० मार्च २०११. विश्वचषकात चेन्नईला वेस्ट इंडिजविरुद्ध खेळताना युवराज सिंग मैदानातच ओकला, थोडा सावरला आणि पुन्हा फलंदाजीला उभा राहिला. त्या दिवशी त्याने ११३ धावा काढल्या आणि दोन बळीही घेतले. चेन्नईचा उकाडा बाधला असेल, असे टीव्हीसमोर बसलेल्यांनी धरले आणि त्याच्या जिगरबाजपणाला दाद दिली. पुढे वानखेडेवर भारत जगज्जेता झाला आणि ३६२ धावा व १५ बळींची कमाई करणारा युवराज स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला.

दोन वर्षांनी त्याचे ‘द टेस्ट ऑफ माय लाइफ’ हे पुस्तक आले. तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्या चाहत्याला ते वाचताना अवघडल्यासारखे होते. खोकला, धाप, उलट्या, थुंकीतून रक्त अशा तक्रारी घेऊन हा खेळाडू खेळत होता आणि त्याच्या दोन फुप्फुसांच्या मध्ये गाठ वाढत होती. कारकीर्द ऐन भरात असताना आपण दुखण्याकडे दुर्लक्ष केले, हे युवराजने लपवलेले नाही. पुस्तकातला सर्वात उपयोगी भाग हाच आहे.

पण बहुतेकांच्या लक्षात राहतो तो पुढचा भाग. अमेरिकेत इंडियानापोलिसला केमोथेरपी, गेलेले केस आणि सप्टेंबर २०१२ मध्ये भारतीय संघात पुनरागमन. ‘जिद्दीने कर्करोगाला हरवले’ हे वाक्य तिथूनच घराघरात पोहोचले. ते ऐकायला छान वाटते, पण वैद्यकीयदृष्ट्या अर्धवट आहे.

युवराजची गाठ ‘सेमिनोमा’ या प्रकारची होती. जननपेशींपासून होणारा हा कर्करोग क्वचित छातीतही उद्भवतो आणि केमोथेरपीला फार चांगला प्रतिसाद देतो. त्याच जागी याच कुळातला दुसरा प्रकार निघाला असता, तर बरे होण्याची शक्यता बरीच कमी झाली असती. जिद्द तेवढीच असती, निकाल मात्र कदाचित वेगळा लागला असता.

या कर्करोगावरच्या उपचाराचा कणा म्हणजे सिसप्लॅटिन. बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ १९६०च्या दशकात जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते. प्लॅटिनमच्या विद्युतवाहिन्यांजवळ जिवाणूंचे विभाजन थांबते, हे त्यांना अनपेक्षितपणे दिसले. त्यातून हे औषध पुढे आले. १९७४ मध्ये इंडियानाचे डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते इतर औषधांच्या जोडीने वृषणाच्या पसरलेल्या कर्करोगावर वापरले. तोवर बहुतेकांचा जीव घेणारा हा आजार त्यानंतर बहुतेकांचा बरा होऊ लागला. युवराजच्या उपचारांतही डॉ. आइनहॉर्न होते.

सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगवर १९९६ मध्ये इंडियानातच उपचार झाले होते. त्याच्या आत्मकथनाने आपल्याला बळ दिले, असे युवराजने सांगितले होते. पुढे आर्मस्ट्राँगची विजेतेपदे उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात काढून घेण्यात आली आणि २०१३ मध्ये त्याने कबुलीही दिली. चाहत्यांचा मोठा अपेक्षाभंग झाला. तरीही त्याचा कर्करोग खरा होता आणि तो खरोखरच बरा झाला. औषध रुग्णाचे चारित्र्य पाहून काम करत नाही, तसे त्याची हिंमत पाहूनही करत नाही.

याचा अर्थ मनोबल निरर्थक आहे, असा नाही. मळमळ, थकवा आणि भीती सोसून केमोथेरपीची सगळी आवर्तने पूर्ण करायला ते लागतेच. मात्र लढाऊ वृत्तीमुळे कर्करोगाच्या रुग्णाचे आयुष्य वाढते, याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. म्हणून ‘युवराजसारखा लढ’ हा सल्ला कधी कधी क्रूर ठरतो. स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगाने खंगणाऱ्या माणसाला त्यातून एवढेच ऐकू येते, की आपणच कमी पडलो. आणि तो गेल्यावर त्याच्या घरच्यांनाही तीच बोच लागून राहते.

हे पुस्तक रुग्णाच्या हाती देण्याआधी धडधाकट माणसांनी वाचावे. दुखणे अंगावर काढण्याला खेळाडूच काय, कारखान्यातला कामगार आणि घरातली बाईही कौतुकाने शौर्य समजते. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, कारणाशिवाय लागणारी धाप किंवा घटणारे वजन, थुंकीतले रक्त यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरकडे जाऊन छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी करून घ्यावी. बहुतेकदा कारण कर्करोगाहून साधे निघते. क्षयरोग निघाला तरी त्यावर सरकारी दवाखान्यात औषधे मोफत मिळतात. पण त्यासाठी वेळेवर दवाखान्याची पायरी चढायला हवी.