दुर्मीळ छायाचित्राची कापलेली कड

आजचा धागा थोडा कडवट होणार आहे, हे आधीच सांगून टाकतो. विषय आहे जुन्या चित्रपटांच्या प्रसिद्धीसाठी काढलेल्या छायाचित्रांचा, आणि ‘दुर्मीळ’ हा शब्द वर डकवून आपण सध्या त्यांची जी वासलात लावत आहोत तिचा.

गेल्या उन्हाळ्यात यवतमाळातील एका रद्दीच्या दुकानातून मी पाच कृष्णधवल छायाचित्रे आणली. वजनावर घेतली. सेसिल बी. डेमिल यांच्या ‘सॅमसन अँड डिलायला’ (१९४९) या हॉलिवूडपटाची ती होती. आठ बाय दहा इंचांचा चकचकीत कागद, चारही कोपऱ्यांना टाचण्यांची भोके, खालच्या कडेला बारीक पांढऱ्या आकड्यांत चित्रपटाचा संकेतांक आणि छायाचित्राचा क्रमांक. पाठीवर जांभळ्या शाईचा अर्धवट पुसलेला गोल शिक्का. त्यातले ‘अमरावती’ तेवढे नीट वाचता येते. शेजारी कोणी पेन्सिलीने गावांची नावे लिहून एकेक खोडत नेली आहेत: यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद. पुसदवर मात्र काट नाही.

आमच्याकडच्या जुन्या प्रेक्षकाला या पाठीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. वितरणाच्या धंद्यात या भागाला अजूनही ‘सी.पी.-बेरार’ म्हणतात आणि त्याचे केंद्र अमरावती. चित्रपटाच्या पेटीबरोबर फोटोंचा संच गावोगाव फिरे, टॉकीजच्या दाराशी काचेच्या कपाटात टाचला जाई आणि पेटी पुढे निघाली की तोही निघे. खिशात तिकिटाचे पैसे नसलेल्या पोरांचा सिनेमा म्हणजे ते कपाट. हॉलिवूडचा एक चित्रपट आमच्या जिल्ह्यात कोणत्या वाटेने फिरला, याचा इतका नेमका पुरावा मला दुसरीकडे मिळालेला नाही.

मी पाचही छायाचित्रे पुढून-मागून टिपून प्रसिद्ध केली. आठवडाभरात त्यांतले एक परत माझ्याच समोर आले. कडा कापलेल्या, त्यामुळे क्रमांक गेलेला. पाठ अर्थातच गायब. चेहरा यंत्राकरवी गुळगुळीत केलेला, सगळे चित्र रंगवलेले आणि वर ओळ: ‘क्लिओपात्रा, १९३४, अतिदुर्मीळ’. छायाचित्रात होती हेडी लमार, मोरपिसांचा तो प्रसिद्ध लांब झगा पाठीवर घेतलेली. यंत्राने मोरपिसे तपकिरी रंगवली होती! हा चित्रपट मुळातच टेक्निकलर. रंगीत चित्रपटांच्या वेशभूषेचे ऑस्कर त्याला मिळालेले. मोरपिसांचा रंग कोणता, हे पाहायला पाच मिनिटे पुरली असती. खाली शेकडो लोकांनी ‘अप्रतिम’ लिहिले होते. मी दुरुस्ती लिहिली तर उत्तर आले, ‘काका, एन्जॉय करा ना.’

एन्जॉय मी करतोच. पण ही चूक मला दाखवता आली ती केवळ चित्रपट शिल्लक आहे म्हणून. जिथे चित्रपटच उरलेला नाही, तिथे काय करायचे?

भारतात सुमारे १३०० मूकपट निर्माण झाले. त्यांतले तीससुद्धा आज धड हाती नाहीत. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात झळकलेला ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, आज कोणालाही पाहता येत नाही. त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. मास्टर विठ्ठल आणि झुबेदा त्यात कसे दिसले, हे आपल्याला कळते ते प्रसिद्धीच्या छायाचित्रांवरून आणि जाहिरातींवरून. बाबूराव पेंटरांचा १९२० चा ‘सैरंध्री’ असाच गेला. ‘राजा हरिश्चंद्र’ची जी रिळे आपण १९१३ ची म्हणून दाखवतो, ती फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासकांनी मांडले आहे. असा वाद सुटायचा तर छापील कागद, तारखा आणि कडेचे आकडेच कामी येतात. तीच कड आपण चौकोनात बसत नाही म्हणून कापून टाकतो.

इथे एक समजूत दूर करायला हवी. ही छायाचित्रे चित्रपटातून काढलेली नसतात. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवरची एक चौकट टपाल तिकिटाहून लहान, आणि पात्र हलत असेल तर धूसरही. म्हणून दृश्य चित्रित झाले की स्थिरचित्रणकार मोठा कॅमेरा लावून नटांना तसेच उभे करी. कित्येकदा पडद्यावर नसलेली मांडणीही करी. त्यामुळे असे छायाचित्र दाखवून ‘चित्रपटातील दृश्य’ म्हणणे बहुतेक वेळा चूक असते. ते चित्रपटाने स्वतःविषयी केलेले विधान असते, आणि इतिहासाला तेही हवेच असते.

‘मग तेव्हाचे लोक तरी कुठे खरे दाखवत होते?’ हा आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो, आणि तो बिनबुडाचा नाही. जॉर्ज हरेल यांनी काढलेल्या जोन क्रॉफर्डच्या छायाचित्रांत तिच्या चेहऱ्यावरचे तीळ-ठिपके निगेटिव्हवर पेन्सिल चालवून घालवलेले असत. आपल्याकडेही टॉकीजच्या शो-कार्डांवर फोटो कापून चिकटवत आणि त्यांवर हाताने रंग चढवत. पण ती लबाडी त्या काळाची आहे. स्टुडिओला नटी कशी दिसायला हवी होती, हे तीच सांगते. तिच्यावर आजच्या यंत्राचा दुसरा थर चढवला की १९३१ सालचे काय आणि गेल्या मंगळवारचे काय, हे वेगळे काढता येत नाही.

रंगांचे तर बोलूच नये. मूकपटांच्या काळी सर्रास वापरात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. कुंकू काळे उमटे, लाल लुगडे काळे उमटे, निळे आकाश पांढरे फटक पडे. त्या काळ्या-करड्यावरून मूळ रंग ओळखणे माणसाला अशक्य, आणि यंत्र तर निव्वळ अंदाज बांधते. शिवाय आपल्याकडच्या रंगाला स्वतःचा खराखुरा इतिहास आहे. प्रभातने १९३३ मध्ये ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचे धाडस केले, प्रती जर्मनीत तयार करवून घेतल्या, आणि रंग मनासारखे उतरले नाहीत. शांतारामबापूंचा तो फसलेला प्रयत्न ज्याला ठाऊक आहे, त्याला ‘अयोध्येचा राजा’तल्या दुर्गाबाई खोट्यांचे मोबाईलवर रंगवलेले छायाचित्र ‘मूळ रंगीत’ म्हणून फिरताना पाहून हसावे की रडावे ते कळत नाही.

हॉलिवूडवाले मोठे जपणारे, असेही समजू नका. तिथल्या स्टुडिओंनीही हा कागद कचरा म्हणून टाकला. जॉन कोबाल यांच्यासारख्या वेड्या संग्राहकाने तो गोळा केला आणि विसरलेल्या छायाचित्रकारांना शोधून काढले. आज बेव्हर्ली हिल्सच्या मार्गारेट हेरिक ग्रंथालयात एक कोटीहून अधिक छायाचित्रे आहेत. आपल्याकडे बॉम्बे टॉकीजचे छायालेखक योझेफ विर्शिंग यांची छायाचित्रे त्यांच्या घरच्यांनी सांभाळली म्हणून २०१७ मध्ये पणजीला प्रदर्शनात पाहायला मिळाली. आणि पुण्यात २००३ साली लागलेल्या आगीत चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म्स जळाल्या. म्हणजे कागदाचा भरवसा उलट वाढला आहे.

यवतमाळला सिनेमाचे वावडे आहे असे कोणी म्हणू नये. १९७३ च्या इथल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते, ज्यांचे अर्धे आयुष्य पटकथा आणि चित्रगीते लिहिण्यात गेले. त्या शब्दांना आपण शाल-श्रीफळ दिले. टॉकीजच्या कपाटातले फोटो रद्दीत गेले.

माझ्याकडच्या पाच छायाचित्रांचे क्रमांक सलग नाहीत. मधले बरेच गळले आहेत. पुसद, दिग्रस, दारव्हा, वणी, उमरखेड, कुठेही जुन्या टॉकीजशी संबंध असलेल्या घरी असा संच माळ्यावर असेल तर मला कळवा. विकू नका, पुसू नका, चिकटपट्टी ओढू नका. मोबाईलने टिपाल तेव्हा कागदाच्या चारही कडा चौकटीत येऊ द्या. आणि पुसदकरांनो, पाठीची बाजू आधी पाठवा. ते पेन्सिलीचे काम पुढे कुठपर्यंत गेले ते मला पाहायचे आहे.