स्वतःची लाइफबोट स्वतःच व्हा म्हणे

गेल्या पावसाळ्यात आमच्या टीमची ऑफसाइट मुळशीला झाली. आमचं ऑफिस हिंजवडीत, आणि हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते. म्हणजे तालुक्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊन आम्ही ‘बाहेर’ गेलो होतो. धरणाच्या पाण्याकाठचं रिसॉर्ट, धुकं, कांदाभजी, आणि एसी हॉलमध्ये एक मोटिव्हेशनल स्पीकर. त्यांनी प्रोजेक्टरवर चार मिनिटांची क्लिप लावली. रात्रीचा काळा समुद्र, त्यात एकटाच पोहणारा जाडजूड माणूस, वर घिरट्या घालणारा एक पक्षी. तो माणूस त्या पक्ष्याशी बोलतोय. क्लिप संपली आणि पडद्यावर मोठ्या अक्षरात स्लाइड आली : ‘बी युअर ओन लाइफबोट’.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण मॅनेजर शेजारी बसले होते. दोन आठवड्यांपूर्वी आमच्या टीममधून दोघांना काढलं होतं, आणि रात्रीचा ऑन-कॉल सहा जणांऐवजी चौघांत वाटला गेला होता. त्यावर कोणी तोंड उघडायच्या आत ही लाइफबोट आली.

माझी गंमत अशी झाली की तो सिनेमा मी पाहिलेला होता. बाल्ताझार कोर्माकुर या आइसलँडच्या दिग्दर्शकाचा २०१२ सालचा ‘द डीप’. त्याची गोष्ट खरी आहे. मार्च १९८४ मध्ये आइसलँडच्या दक्षिणेला हेमाए बेटाजवळ एक मासेमारी बोट उलटली. तिचं जाळं समुद्राच्या तळाला अडकलं होतं. बोटीवर पाच जण होते. तिघे कसेबसे उलट्या बोटीच्या पाठीवर चढले. ती बुडायला लागल्यावर पोहायला लागले आणि थोड्याच वेळात त्यांतला एकच उरला, गुदलॉयगुर फ्रिदथोरसन. वय बावीस. पाणी पाच-सहा अंश. तो जवळजवळ सहा तास पोहला, किनाऱ्याला लागला आणि लाव्हाच्या धारदार दगडांवरून अनवाणी चालत गावात पोचला.

अशा पाण्यात माणसाचं काय होतं ते आधी समजून घ्या. पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने ओढून घेतं. पहिल्याच मिनिटात थंडीच्या धक्क्याने श्वास आपोआप आत ओढला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर खेळ तिथेच संपला. त्यातून वाचलात तर पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत बोटं, हात, पाय ऐकेनासे होतात. मेंदू ‘पोह’ म्हणतो, पण स्नायूंपर्यंत ते पोचत नाही. शुद्ध जाते त्यानंतर. म्हणजे थंड पाण्यात पुष्कळ माणसं शरीर गार पडून मरतच नाहीत, त्याच्या कितीतरी आधी हातपाय चालेनासे होऊन बुडतात. इथे जिद्द कुठे बसवायची ते मला कोणी दाखवा.

मग गुदलॉयगुर कसा वाचला? हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला. त्याला लंडनला नेऊन बर्फाळ पाण्याच्या टबात बसवलं, मोजमापं घेतली, आणि १९८६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याच्यावर लेख आला. उत्तर निघालं चरबी. सहा फुटांहून उंच, सव्वाशे किलोच्या आसपास वजनाचा हा गडी, आणि त्याच्या कातडीखालचा चरबीचा थर इतका जाड की लोक त्याची तुलना सीलशी करायला लागले. ज्या पोरावरून गावात ‘जाड्या’ म्हणून हसत असतील, तो त्या जाडीमुळे वाचला. माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग तू कशाला जिमला पैसे घालतोस?”

कोर्माकुरने हे लपवलेलं नाही, म्हणून मला तो सिनेमा आवडतो. पोहणं संपल्यावर सिनेमा संपत नाही. पुढे तो टब येतो, पांढऱ्या कोटातली माणसं येतात, मेलेल्या सोबत्यांच्या घरची माणसं येतात. वाचलेला माणूस सगळ्यांसमोर अवघडून उभा राहतो, कारण ‘तूच कसा?’ याचं उत्तर त्याच्याकडे नाही. आमच्या स्पीकरने चार मिनिटं कापून घेतली आणि नेमका हा भाग फेकून दिला. मी हात वर करून विचारलं, “सर, बाकीच्या चौघांनी प्रयत्न केला नव्हता का?” ते म्हणाले, “गुड क्वेश्चन, शेवटी घेऊ.” शेवटी जेवण होतं.

माझं भांडण सिनेमांशी कमी आणि असं कापून घेण्याशी जास्त आहे. पण सिनेमेही अगदी साळसूद नाहीत. जहाज बुडालं की कॅमेरा एक माणूस निवडतो. ‘लाइफ ऑफ पाय’मध्ये एक मुलगा आणि वाघ, ‘ऑल इज लॉस्ट’मध्ये एक म्हातारा आणि त्याची शिडाची नाव. ‘टायटॅनिक’मध्ये निदान दोघं होती, आणि गेली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं सगळं जग त्या लाकडी फळीवर जॅक मावला असता की नाही यावर वाद घालतंय. खरा हिशेब फळीचा नव्हताच. टायटॅनिकवर दोन हजारांहून जास्त माणसं होती आणि सगळ्या लाइफबोटी मिळून जागा होती ११७८ जणांना. तरी ते तेव्हाच्या नियमांत बसत होतं, कारण नियम माणसं मोजत नव्हता, जहाजाचा आकार मोजत होता. त्या रात्री दीड हजार माणसं मेली तेव्हा पाणी शून्याच्याही खाली होतं, पण ती मेली ती आधीच कागदावर ठरलेल्या एका आकड्यामुळे. तो आकडा ज्यांनी ठरवला त्यांच्यावर कोणी गाणं केलेलं नाही.

ग्रीसमध्ये डायागोरस नावाचा एक नास्तिक होता. त्याची गोष्ट सिसेरोने सांगून ठेवलीय. लोक त्याला देवळातली चित्रं दाखवतात : हे बघ, यांनी वादळात देवाला नवस केला आणि वाचले. डायागोरस म्हणतो, नवस करून बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत? दोन हजार वर्षांत आपण देवाच्या जागी ‘माइंडसेट’ बसवला, एवढाच काय तो फरक.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठे आलाय गोठवणारा समुद्र. नाही, पण बुडायला आपला समुद्र पुरतो. मी मूळचा अलिबाग तालुक्यातला. आजीला पावसाळ्यात कोणी “बोटीने जाऊ” म्हटलं की ती एकच शब्द बोलायची, “रामदास”. लहानपणी मला वाटायचं ती समर्थांचं नाव घेते.

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला एक महिना उरलेला. ‘रामदास’ ही बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. तासा-दीड तासाचा प्रवास. दुसऱ्या दिवशी आषाढी अमावास्या, त्यामुळे घरी निघालेल्यांची गर्दी. अर्ध्या-पाऊण तासात, काशाच्या खडकाजवळ, लाटेने बोट एका अंगाला कलली, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि बोट उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. टायटॅनिकसारखं हिमनगाला शोधत अटलांटिकमध्ये जावं लागलं नाही, मुंबईच्या तोंडाशीच हे घडलं. बोटीवर वायरलेस नव्हता. शहराला कळलं ते काही तासांनी, जिवंत परत आलेल्या माणसांच्या तोंडून. आणि ही काही पहिली खेप नव्हती. ११ नोव्हेंबर १९२७ ला ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. वीस वर्षं मिळाली होती शिकायला.

रामदासमधून वाचलेल्यांत बारकू मुकादम नावाचा एक मुलगा होता. अलिबागकडे त्याची गोष्ट अजून सांगतात. उद्या कोणी रामदासवर सिनेमा काढला (अजून कोणी काढलेला नाही, आणि आपल्याकडे ऐतिहासिक सिनेमांना पैशांची ददात नाही), तर मी आजच सांगतो, त्याचं पोस्टर काय असेल : लाटा, एक पोरगा, आणि खाली ‘जिद्द’ असं काहीतरी. बारकूबद्दल मला आदरच आहे. पण त्या सकाळी पाण्यात पडलेल्या शेकडो माणसांपैकी कोणी जगण्याची इच्छा घरी विसरून आलं होतं का? लेकरू कडेवर घेतलेल्या बाईची जिद्द कमी पडली, असं तिच्या नातवंडांना सांगायची हिंमत आहे कोणात?

आमच्याकडे आणखी एक गोष्ट सांगतात. रेवसकडून मासे घेऊन मुंबईच्या बाजाराला निघालेल्या कोळ्यांना पाण्यात माणसं दिसली. त्यांनी होडीतले मासे समुद्रात लोटून दिले आणि त्या जागेवर माणसं भरली. पूर्ण खेपेची कमाई पाण्यात. मला सिनेमा हवाय तो या माणसांचा. सोबत कंपनीचं ऑफिस हवं, तिकीट खिडकी हवी, ‘आजचा दिवस हवा बरी नाही’ हे कोणाला माहीत होतं आणि कोण गप्प बसलं ते हवं. पण यात हिरो कोण, असं निर्माता विचारेल. तिथेच घोडं अडतं.

रामदास जुनी झाली म्हणत असाल तर आपल्या मोबाइलच्या काळातली घटना घ्या. मे २०२१, तौक्ते चक्रीवादळ. आपण कोविडमध्ये घरी बसून त्याचे व्हिडिओ फॉरवर्ड करत होतो. त्या वेळी बॉम्बे हायला ओएनजीसीच्या कामावरची ‘पापा-३०५’ ही बार्ज २६१ माणसांसकट समुद्रात उभी होती. बार्ज म्हणजे तरंगती चाळ. तिला स्वतःचं इंजिन नसतं, टगने ओढून न्यावी लागते. वादळाचा इशारा काही दिवस आधीपासून होता. तरी ती तिथेच राहिली. नांगर तुटले, ती भरकटली, आणि १७ मेच्या संध्याकाळी बुडाली. ‘वरप्रदा’ नावाचा टगही बुडाला, त्यावरच्या १३ पैकी दोघे वाचले. दोन्ही मिळून २७४ माणसं, त्यातली ८६ गेली. इशारा असून बार्ज तिथे का राहिली, यावर कप्तान, कंत्राटदार आणि वरचे यांच्यात बोटं दाखवण्याचा खेळ पुढे बराच काळ चालला.

१८८ वाचले. ते कसे वाचले ते त्यांनी टीव्हीवर सांगितलंय. अंगात लाइफ जॅकेट होतं. काहींनी एकमेकांचे हात धरून पाण्यात घोळके केले, म्हणजे लाटेने कोणी एकटा वाहून जाऊ नये. पुढे नौदलाची ‘कोची’ आणि ‘कोलकाता’ ही जहाजं त्या समुद्रात शिरली आणि रात्रभर, दुसऱ्या दिवशीही माणसं वर ओढत राहिली. तराफे होते, पण बरेच फाटके निघाले असंही वाचलेल्यांनी सांगितलं. पाणी कोमट होतं हे विसरू नका. आइसलँडच्या पाण्यात ही माणसं तासाभरात संपली असती. अरबी समुद्राने त्यांना रात्रभराची मुदत दिली, आणि त्या मुदतीत कोणीतरी आलं. वाचण्याचं गणित हे एवढंच आहे : अंगावर काय आहे, शेजारी कोण आहे, आणि शोधायला कोणी निघालंय का. एकटेपण त्यात कुठेही जमेच्या बाजूला येत नाही.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. सर्व्हर रात्री तीनला पडला आणि कोणीतरी जागरण करून तो उभा केला, की सकाळी त्याचं चॅनलवर कौतुक होतं, टाळ्यांचे इमोजी पडतात. पण त्यानंतर आम्ही एक कागद लिहितो : तो पडलाच का, अलर्ट का आला नाही, बॅकअप का चालला नाही. जागरण करणाऱ्याचं धैर्य त्या कागदात येत नाही, कारण पुढच्या वेळी त्याच्या धैर्यावर विसंबायचं नसतं. मशिनच्या बाबतीत ही अक्कल आम्हाला आहे. माणसांच्या बाबतीत आम्ही क्लिप लावतो.

आणि जिद्दीचा काहीच वाटा नाही, असं मी म्हणत नाही. गुदलॉयगुर मध्येच थांबला असता तर त्याची चरबी त्याला किनाऱ्याला लावणार नव्हती. पण जिद्द ही बुडणाऱ्याची स्वतःची गोष्ट आहे. ज्याच्याकडे बोटीची चावी, वेळापत्रक आणि तराफ्यांचं बजेट आहे, त्याने तिच्यावर भाषण देऊ नये. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली, पंधरा माणसं गेली. त्यानंतर प्रवाशांना लाइफ जॅकेट घालायची सक्ती आठवली. रामदासला तोवर सत्त्याहत्तर वर्षं झाली होती.

त्या दिवशी मुळशीत जेवणानंतर बोटिंग होतं. ज्या पाण्यावर आम्ही सेल्फी काढणार होतो त्याखाली गावं आहेत. १९२१ ते २४ इथे धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. त्यातलं सेनापती बापटांचं नाव आम्हाला शाळेत पाठ होतं. बुडालेल्या गावांतलं एकही नाव आमच्या टीममध्ये कोणाला येत नव्हतं, मलाही नाही. पाऊस भुरभुरत होता. आम्ही बावीस जण, फायबरची एक बोट, आणि रिसॉर्टकडे जॅकेटं चौदा. बोटवाले दादा पलीकडच्या वाडीतले, पन्नाशीचे असतील.

मॅनेजर म्हणाले, “दादा, घ्या सगळ्यांना, दहा मिनिटांचा तर राउंड आहे. ज्यांना पोहता येतं ते जॅकेट नाही घालणार.”

दादांनी वरही पाहिलं नाही. “जाकीट नाय तर बसायचं नाय, साहेब. पोहायला मलाबी येतंय.” त्यांच्या अंगात जॅकेट होतंच, पंधरावं, स्वतःचं, चेन तुटलेलं, सुतळीने बांधलेलं.

स्पीकर साहेबांना पुण्याला परत जायची घाई होती. ते पहिल्या चौदांत गेले. आम्ही आठ जण धक्क्यावर भिजत उभे राहिलो, बोट परत येईपर्यंत.