शाळेचे कुलूप संध्याकाळी उघडा!



संध्याकाळी जिल्हा परिषदेची शाळा सुटते, फाटकाला कुलूप लागते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्या खोल्या, ते फळे, लोकवर्गणीतून आणलेला तो टीव्ही, सगळे नुसते पडून राहते. त्याच वेळी त्याच गावात शेतावरून, कंपनीतून, धुण्याभांड्यांवरून माणसे घरी परतत असतात. त्यांतल्या कितीतरी जणांना अजून शिकायचे आहे. न शिकल्यामुळे त्यांचे रोज अडते आहे. आमची मागणी एकच आहे : ती शाळा संध्याकाळी दोन तास मोठ्या माणसांसाठी उघडा आणि तिथे शिकवणाऱ्याला मानधन द्या.

कुठे अडते, ते पाहायला फार लांब जावे लागत नाही. २०२१ पासून सातबाऱ्यावरची पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची आहे. गट क्रमांक निवडायचा, पीक निवडायचे, क्षेत्र भरायचे, पेरणीची तारीख टाकायची, बांधावर उभे राहून फोटो काढायचा. पीक कर्ज, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी या सगळ्यांशी ही नोंद जोडलेली आहे. ज्या माणसाने चाळीस वर्षे जमीन कसली, तो ही नोंद करायला शेजारच्या कॉलेजातल्या पोराची वाट पाहत बसतो. पोराची परीक्षा असली तर मुदत टळते.

किंवा लाडकी बहीण योजनेच्या केवायसीची रांग आठवा. सेवा केंद्राच्या काउंटरवरचा मुलगा म्हणतो, “मावशी, ओटीपी सांगा.” मावशींना मेसेज उघडता येत नाही, सहा आकडे सलग वाचता येत नाहीत. त्या फोनच काउंटरवर ठेवतात. त्याच फोनला त्यांचे बँक खाते जोडलेले आहे. मुलगा भला असेल तर काम नीट होते, नसेल तर काय झाले हे मावशींना महिनाभर कळत नाही. स्वतःच्या पैशासाठी अनोळखी माणसाच्या भलेपणावर विसंबायचे, याला आम्ही सोय म्हणायला तयार नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३४ टक्के होती. स्त्रियांची ७५.८७ टक्के, म्हणजे चारांतली एक बाई निरक्षर. नंदुरबार जिल्ह्यात एकूण साक्षरता ६४.३८ टक्के होती. आणि यात साक्षर म्हणून धरलेले सगळेच एखादा अर्ज स्वतः भरू शकतात, असे कुणीही छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. चौथीतून, सातवीतून शाळा सुटलेली, अक्षर अर्धवट विसरलेली माणसे या आकड्यांत मुळीच दिसत नाहीत.

सरकारने काहीच केले नाही, असे आम्ही म्हणत नाही. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन, २००९ मध्ये साक्षर भारत. दर वेळी मोहीम, दर वेळी मुदत, आणि मुदत संपली की सगळे बंद. साक्षर भारतमध्ये निदान ग्रामपंचायतीत लोकशिक्षण केंद्र होते आणि ते चालवायला दरमहा २,००० रुपये मानधनावर प्रेरक होते. ३१ मार्च २०१८ ला ती योजनाही संपली. प्रेरक घरी गेले, आणि त्यांच्याकडे पहिली बाराखडी गिरवून झालेली माणसे होती तिथेच राहिली.

आज ‘उल्लास’ या नावाने नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. २०२२ ते २०२७ या पाच वर्षांत देशातल्या पाच कोटी प्रौढांना साक्षर करायचे आहे आणि त्यासाठी तरतूद आहे १,०३७.९० कोटी रुपयांची. भागाकार करून पाहा. माणशी साधारण २०८ रुपये पडतात, तेही पाच वर्षांत मिळून. एवढ्या पैशात शिकवणाऱ्याला काही देणे शक्यच नाही, म्हणून शिकवायचे ते स्वयंसेवकांनी, विनामोबदला. शेवटी वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांची प्रत्येकी ५० अशी १५० गुणांची चाचणी, आणि मग प्रमाणपत्र. त्या प्रमाणपत्रानंतर काय, याचे उत्तर गावात कुणाकडेच नसते. निरक्षरांच्या सर्वेक्षणाचे काम पडले शिक्षकांवर, आणि २०२३ मध्ये राज्यातल्या शिक्षक संघटनांनी त्यावर बहिष्कार टाकला. आम्ही त्या शिक्षकांना दोष देत नाही. दिवसभर मुलांना शिकवणाऱ्या माणसाच्या माथी हे फुकटात मारणे चूकच होते.

मोठी माणसे शिकतात कशी, याचा धडा सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडने दिलेला आहे. माण तालुक्यातल्या बायकांना स्वतःची बँक काढायची होती. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने अर्ज गेला आणि रिझर्व्ह बँकेने तो नाकारला, कारण प्रवर्तक म्हणून ज्यांची नावे होती त्यांतल्या अनेकींचे अंगठे होते. बायका लिहाय-वाचायला शिकल्या. काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, कोणतीही मुद्दल सांगा, आम्ही व्याज तोंडी काढून दाखवतो, तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. यातून घ्यायचे ते हे : या बायकांना हिशेब आधीपासून येत होता. उसनवारी, भिशी, बाजारातली उधारी यांत त्यांचे डोके रोज चालत होते. अडले होते ते कागदाशी. कागद कशासाठी हवा हे माहीत असल्यामुळे त्या झपाट्याने शिकल्या. मोठ्या माणसाला ‘कमळ’ आणि ‘बदक’ची चित्रे दाखवून बसवून ठेवू नका. त्याच्यासमोर त्याचाच सातबारा ठेवा, वीजबिल ठेवा, बचतगटाचे पासबुक ठेवा, कीटकनाशकाची बाटली ठेवा. त्या बाटलीवर लाल, पिवळा, निळा, हिरवा असा एक रंग असतो आणि लाल म्हणजे सर्वांत विषारी. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, त्याची कारणे अनेक होती. पण तो रंग आणि खालची बारीक अक्षरे फवारणाऱ्याला वाचता आलीच पाहिजेत, याबद्दल दुमत व्हायचे कारण नाही.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी साड्या नेसून, दप्तर घेऊन निघालेल्या आज्यांचे फोटो जगभर छापून आले. आम्हालाही त्यांचा अभिमान आहे. मात्र एका गावाचे कौतुक वर्षानुवर्षे चालू राहते आणि शेजारच्या दहा गावांत तशी शाळा निघत नाही, याची कुणाला तरी लाज वाटली पाहिजे. एका कळकळीच्या शिक्षकाच्या जिवावर जे उभे राहते, ते त्याची बदली झाली की डगमगते. म्हणून हक्क हवा, तरतूद हवी.

कायद्याने शिक्षणाचा हक्क दिला तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांना. त्यापुढच्या माणसाला तो नाही. ज्या बाईला दहाव्या वर्षी धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसवले, तिचा हक्क तिने न केलेल्या गुन्ह्यासाठी कायमचा गेला.

“या वयात शिकून काय करणार?” असे विचारणारे भेटतात. त्यांनी मुंबईचे गिरणगाव आठवावे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि नंतर हजारोंची कामे कायमची गेली. चाळिशीतला, हाताने कसबी असलेला माणूस नवे काम शिकायला कुठे जाणार होता? त्याच्यासाठी दारच नव्हते. आज तीच वेळ छापखान्यातल्या, हिशेबनीसाच्या, टायपिंगच्या, गॅरेजच्या कामावर येते आहे. विजेवरची गाडी दुरुस्त करायला जुना मेकॅनिक कुठे शिकेल? “फोन बोलून सांगतो, आता वाचायची गरज काय?” असेही कुणी म्हणते. फोन बोलेल, पण ‘मान्य आहे’ या बटणावर बोट ठेवायचे ते तुम्हालाच, आणि कर्जाचा हप्ताही तुमच्याच खात्यातून जातो.

आम्ही मागतो ते नवे नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचे एकविसावे प्रकरण खुद्द प्रौढ शिक्षण व आजीवन अध्ययनावर आहे. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी शाळेच्या इमारती, तसेच सार्वजनिक ग्रंथालये यासाठी वापरावीत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. धोरण छापून झाले, आता किल्ली द्या.

येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. बायकांनी मोठ्या संख्येने या, कारण गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली की विषय मागे पडतो. ठराव इतिवृत्तात लिहून घ्या, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून त्याची सही-शिक्क्याची नक्कल घ्या, एक प्रत शाळा व्यवस्थापन समितीला आणि एक गटशिक्षणाधिकाऱ्यांना देऊन पोच घ्या. मजकूर असा :

“ही ग्रामसभा ठराव करते की, गावातील जिल्हा परिषद शाळेच्या दोन खोल्या दररोज संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत पंधरा वर्षांवरील सर्व शिकू इच्छिणाऱ्यांसाठी खुल्या ठेवाव्यात. तेथे गावातील सुशिक्षित व्यक्तीची, शक्यतो स्त्रीची, शासनाच्या खर्चाने मासिक मानधनावर नेमणूक करावी. अक्षरओळखीपासून मुक्त विद्यालयाच्या पाचवी, आठवी, दहावीच्या परीक्षांपर्यंत तसेच मोबाईल व बँक व्यवहार, शेतीच्या नोंदी आणि नवीन व्यवसाय यांचे शिक्षण तेथे मिळावे. कोणत्याही मोहिमेची मुदत संपली तरी हा वर्ग बंद करू नये.”